जाते म्हणू नये

रेगेन्सबर्गातल्या मराठी मंडळींपैकी कुणाला कुठेही जायचं झालं, की आधी ऊर्मिला कानिटकरला फोन जायचा. प्रागला बसनं जावं की ट्रेननं? सासूसासरे पुण्याहून येतायत, त्यांना म्युनिकला उतरवावं की फ्रँकफर्टला? बॉनला मावसबहीण आहे, पोरं लहान आहेत, कमीत कमी गाड्या बदलायला लागतील असं काही सुचव ना. ऊर्मिला सुचवायची, पण नुसतं सुचवून थांबायची नाही. गाडी चुकली तर पुढची कुठली, तीही चुकली तर रात्र कुठे काढायची, कुठल्या स्टेशनवरचा सरकता जिना हमखास बंद असतो, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय तिच्या तावडीतून सुटका नसे. "तू रस्ता सांगत नाहीस गं, संकटं सांगतेस," असं शेजारची वीणा तिला तोंडावर म्हणायची.

वीणाचं काही चुकत नव्हतं. ऊर्मिला मुळात भित्री. नवरा प्रताप मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. लग्न होऊन त्याच्यामागून ती इथे आली तेव्हा तिला जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. इथली माणसं होकार देताना 'या, या' म्हणतात, ते तिला पहिले काही महिने आमंत्रणच वाटायचं. बेकरीतली बाई 'या, या' म्हणाली की ही दोन पावलं पुढे सरकायची. त्याच हिवाळ्यात ती एकदा चुकीच्या गाडीत बसली आणि चेक सीमेजवळच्या एका ओसाड स्टेशनवर उतरली. प्रताप मोटार घेऊन येईपर्यंत बाकावर बसून रडली. तेव्हापासून तिनं वेळापत्रकांचा जो पिच्छा पुरवला तो पुरवलाच. लोक प्रवासाची माहिती काढतात ती कुठेतरी पोचायला. हिनं काढली ती हरवू नये म्हणून. किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरातली अर्धवेळ नोकरी, घर, आणि दुसऱ्यांचे प्रवास, यात तिचं बरं चाललं होतं. स्वतः एकटीनं लांब जायची वेळ मात्र तिनं त्यानंतर कधी येऊच दिली नाही.

अशा बाईच्या पोटी स्पृहा जन्माला आली, जिला भीती हा शब्द माहीत नव्हता. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. एकाच गोष्टीवरून मायलेकींचं मराठीत भांडण व्हायचं. किंडरगार्टनच्या दारात पाठीवर पिशवी अडकवून पोर म्हणायची, "आई, जाते." की ऊर्मिलाचं सुरू, "जाते नाही. येते म्हण." घरातून निघताना जाते म्हणू नये. जातात ती माणसं परत न येणारी. आपण 'येते' म्हणायचं, म्हणजे परत येणं पक्कं. हे ऊर्मिलाला तिच्या आईनं शिकवलं होतं, तेही पाठीत धपाटा घालून. स्पृहाला पटायचं नाही. "पण मी तर जातेय! इश गेहे डोख!" असं पाय आपटून म्हणायची. जातेय तर जातेय, त्यात येणं कुठून आलं? पाच वर्षांच्या पोरीचा तो जर्मन हिशेब बिनतोड होता. ऊर्मिला तिला दारातच धरून ठेवायची आणि 'येते' वदवून घेतल्याखेरीज सोडायची नाही.

आता स्पृहा तेवीस वर्षांची होती आणि स्वीडनमध्ये गोथेनबर्गला शिकत होती. (त्या गावाला तिथले लोक 'योतेबोरी' असं काहीतरी म्हणतात, आईनं ते म्हणून दाखवलं की लेक पोट धरून हसायची.) पण या हिवाळ्यात हसणं कमी झालं होतं. नाताळात घरी आली तेव्हा नुसती झोपून होती. काय झालं विचारलं की "पास्ट शोन", म्हणजे चाललंय ठीक. ऊर्मिलानं स्वतःची समजूत घातली होती की पोरगी दमलीय, तिकडे उजेडही कमी, उन्हाळा आला की खुलेल. जिला जगातल्या सगळ्या स्टेशनांची भीती वाटायची, तिला समोरचं दिसत असून तेवढ्या एका गोष्टीची भीती वाटून घ्यायचं धाडस झालं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ती डब्याची भाजी चिरत होती, तेव्हा फोन वाजला. स्पृहाचा मेसेज. "आई मी जाते आता. काळजी करू नकोस." रोमन लिपीत, पण मराठीत.

ऊर्मिलानं ओल्या बोटानं, सवयीनं, उत्तर टाकलं. "जाते नाही. येते म्हण." आणि फोन ओट्यावर ठेवून पुन्हा सुरी हातात घेतली.

दोन फोडी चिरून झाल्या असतील नसतील. मग तिची सुरी थांबली. स्पृहा मराठीत कधी लिहीत नाही. वाढदिवसालासुद्धा नाही. आणि सकाळी सकाळी, काही कारण नसताना, काळजी करू नकोस? तिनं फोन उचलला. तिच्या उत्तरापुढे दोन करड्या खुणा होत्या, म्हणजे पोचलं होतं. निळ्या झाल्या नव्हत्या, म्हणजे वाचलं नव्हतं. तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. ऊर्मिला स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली.

प्रताप कारखान्याच्या कामासाठी मेक्सिकोला गेलेला. तिकडे मध्यरात्र. तरी तिनं त्याला उठवलं.

"अगं, ती जर्मनीत वाढलीय," तो झोपेतल्या आवाजात म्हणाला. "तिला जाते काय आणि येते काय, सारखंच. कॉलेजला गेली असेल."

"मराठीत का लिहिलं मग?"

पलीकडे दिवा लावल्याचा आवाज झाला. त्याची झोप उडाली याचीच तिला जास्त भीती वाटली. मग म्हणाला, "तिथल्या पोलिसांना फोन कर. मीही बघतो, पण इथून यायला दोन दिवस जातील. तू निघू शकशील का?"

स्वीडनच्या पोलिसांशी ऊर्मिला इंग्रजीत बोलली. तिकडचा माणूस आवाजावरून तरुण वाटत होता आणि अतिशय सभ्य होता.

"तिनं नेमकं काय लिहिलंय?"

"तिनं लिहिलंय, मी जाते."

"कुठे?"

"कुठे ते नाही लिहिलं. नुसतं जाते."

"म्हणजे बाहेर गेल्या असतील."

"नाही, नाही. आमच्यात असं म्हणत नाहीत. आमच्यात जाताना येते म्हणतात."

"जाताना तुम्ही 'मी येते' म्हणता?"

"हो."

"आणि त्या म्हणाल्या, मी जाते. आणि त्या गेल्या."

"हो!" ऊर्मिला जवळजवळ किंचाळली. आणि त्याच क्षणी तिला कळून चुकलं, की ही भीती या भाषेतून त्या भाषेत काही केल्या नेता येणार नाही. आपल्या भाषेत जे ऐकून अंगावर काटा येतो, ते इंग्रजीत निव्वळ एका मुलीचं घराबाहेर पडणं होतं. त्या माणसानं नाव, पत्ता, फोन नंबर लिहून घेतला. मुलगी सज्ञान आहे, धमकी नाही, इजा नाही. एकदा कुणीतरी दारावर जाऊन येईल, असं म्हणाला. तासाभरानं त्यानं आपणहून फोन केला, तेवढा भला होता. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, आत काही गडबड दिसत नाही, संध्याकाळपर्यंत वाट बघा.

संध्याकाळपर्यंत वाट बघणं ऊर्मिलाला शक्यच नव्हतं. तो तासही तिनं वाट बघण्यात घालवला नव्हता. ती पिशवी भरून बसली होती.

गोथेनबर्गला जायचे सगळे मार्ग तिला तोंडपाठ होते. स्पृहाला तिथे प्रवेश मिळाला तेव्हाच तिनं ते घोकून ठेवले होते. पण आज डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती. विमान सर्वांत जलद, पण त्या दिवशीचं सोयीचं भरलेलं, आणि उरलेलं दोन ठिकाणी बदलून रात्री उशिरा पोचणारं. प्रतापची मोटार खाली उभी होती. पण ऊर्मिला आउटोबानच्या भरधाव महामार्गावर गाडी घालत नसे, आणि आज तर तिला घराचं कुलूपही धड लावता येत नव्हतं. बस तिनं लगेच बाद केली. बर्लिन, कोपनहेगन करत पुरता एक दिवस आणि एक रात्र खाणारा तो प्रकार. ज्याला कुठे पोचायची घाईच नाही त्यानं करावा. राहिली ट्रेन. हॅम्बर्गपर्यंत थेट, तिथून कोपनहेगन, मग समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडून स्वीडन. सगळं जुळून आलं तर मध्यरात्रीच्या आत ती लेकीच्या दारात. आणि जुळलं नाही तर कीलहून रात्रभराची बोट. बोटीचा विचार तिनं पटकन मिटवून टाकला. पाण्याची तिला इतकी भीती, की गावातल्या डॅन्यूब नदीवरच्या पुलावरूनही ती मधोमध चालायची.

वीणा तिला स्टेशनवर सोडायला आली. "पोचलीस की कळव," म्हणाली. निघताना ऊर्मिलानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. येते म्हणायचं तिला सुचेना आणि दुसरं काही म्हणायची हिंमत होईना. तिनं नुसता हात हलवला.

न्युर्नबर्ग गेलं, वुर्त्सबर्ग गेलं. समोरचा माणूस सँडविच खात होता. ऊर्मिलाच्या हातातला फोन गरम झाला होता, इतक्यांदा तिनं तो उघडला होता. दोन करड्या खुणा. मनात रामरक्षा म्हणायला घेतली की मध्येच एखादी ओळ निसटायची, आणि अर्धवट म्हटलेली रामरक्षा अशुभ म्हणून ती पहिल्यापासून सुरू करायची. हे असं काय बाई माझ्या मनात येतंय, असं म्हणत ती ते दूर ढकलायची आणि ते पुन्हा येऊन बसायचं. नाताळाहून परत जाताना स्पृहानं स्टेशनवर मिठी मारली होती. जरा जास्त वेळ मारली होती का? तेव्हा आपण काय बोललो? आपण म्हणालो, अगं गाडी सुटेल.

कासेलच्या पुढे गाडी उभी राहिली. रुळांचं काहीतरी काम. डब्यातल्या लोकांनी सवयीचा सुस्कारा सोडला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, आणि ऊर्मिलाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या कुणाचा प्रवास असता तर तिनं शांतपणे सांगितलं असतं, की हॅम्बर्गला एवढी सवड ठेवायलाच हवी होती. आज सवड नव्हती. हॅम्बर्गला ती धावतपळत जिना उतरली तेव्हा कोपनहेगनच्या गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर पडत होता. पुढच्या गाडीनं गेलं तर रात्र कोपनहेगनच्या फलाटावर, आणि गोथेनबर्ग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. कीलची बोट सकाळी पोचणार होती. तेव्हा ऊर्मिला कानिटकर, वय वर्षं बावन्न, कीलच्या गाडीत जाऊन बसली.

कीलला स्टेशनातून बाहेर आलं की समोरच बंदर. रस्त्याच्या टोकाला सात-आठ मजली इमारत उभी होती, खिडक्यांत दिवे लागलेले. ती इमारत म्हणजेच बोट आहे हे कळल्यावर ती रस्त्यातच थबकली. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीनं हसून विचारलं, "खिडकीची केबिन देऊ की आतली?"

"आतली. अगदी आतली," ऊर्मिला म्हणाली.

बोट सुटली. किनाऱ्याचे दिवे सरकायला लागले तशी फोनवरच्या सिग्नलच्या रेघा एकेक करून कमी होत गेल्या. याचा तिनं विचारच केला नव्हता. पाण्याची भीती, उलटीची भीती, बुडायची भीती, सगळ्या भीतींची तिनं मनातल्या मनात तयारी केली होती. पण समुद्राच्या मध्यावर फोनच लागणार नाही हे या माहितगार बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्पृहानं आत्ता फोन केला तर? तिनं आत्ताच, नेमका आत्ताच आईचा आवाज ऐकायचा म्हणून फोन केला आणि तो लागला नाही तर? ऊर्मिला उठली आणि ज्या पाण्याच्या भीतीनं तिनं आतली केबिन घेतली होती, त्याच पाण्यावर, उघड्या डेकवर, रेघ मिळते का बघायला गेली. वारा कानशिलात बसत होता. खाली काळंभोर पाणी. तिला भीती वाटत होतीच, पण त्या क्षणी ती पाण्याची नव्हती. शेवटची रेघ गेली तेव्हा ती कठड्याला धरून मोठ्यानं रडली. कुणाला ऐकू जायची शक्यता नव्हती, म्हणून मनसोक्त रडली.

सकाळी उजाडताना दोन्ही बाजूंना खडक दिसायला लागले. बोट एका उंच पुलाखालून शहरात शिरली, आणि फोनमध्ये पुन्हा जीव आला. प्रतापचे मेसेज, वीणाचे मेसेज. स्पृहाच्या नावापुढे काही नाही. दोन करड्या खुणा, अजून.

गोथेनबर्ग निळ्या-पांढऱ्या ट्रामचं, ओल्या दगडी रस्त्यांचं, सुंदर गाव. ऊर्मिलाला त्यातलं काहीएक दिसलं नाही. ती ट्राममध्ये उभी राहिली, स्पृहानं कधीतरी सांगितलेल्या थांब्यावर उतरली, चढ चढली आणि तिनं दाराची घंटा वाजवली. दार उघडलं ते घरमालकिणीनं. पांढऱ्या केसांची, लोकरीचे मोजे घातलेली बाई.

"मी स्पृहाची आई," ऊर्मिला इंग्रजीत म्हणाली.

त्या बाईचा चेहरा बदलला. "पण ती तर गेली," ती म्हणाली.

गेली. बाईनं ते इंग्रजीतच म्हटलं होतं, आणि बिचारीला त्याचा दुसरा अर्थ ठाऊकही नव्हता. ऊर्मिलानं चौकट धरली.

"काल पहाटेच गेली असावी. मी झोपले होते. किल्ल्या पत्रपेटीत टाकलेल्या सापडल्या. काल मी दिवसभर बहिणीकडे होते, रात्री आले तेव्हा पाहिलं. या ना, आत या, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय."

खोली जिन्यालगतच होती. मालकिणीनं दार ढकललं. पलंगावरची चादर काढून घडी घालून ठेवलेली. टेबल रिकामं, पुसलेलं. केराची टोपलीसुद्धा रिकामी. स्पृहा म्हणजे पसारा. हिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आवरलेली ती खोली पाहून ऊर्मिलाचं धाबं दणाणलं. आणि मग तिला भिंतीतल्या प्लगमध्ये अडकवलेला फोनचा चार्जर दिसला. पांढरी वायर खाली लोंबत होती. पोरगी संडासला जातानाही फोन घेऊन जाते. जिला कुठेतरी पोचायचंय, जिला उद्याही फोन लागणार आहे, ती चार्जर विसरेल? ऊर्मिला त्या उघड्या गादीवर बसली. मालकीण पाणी आणायला गेली.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं, 'घर'.

तो त्यांच्या रेगेन्सबर्गच्या घरातला जुना टेलिफोन. त्याच्यावरून आता कुणी कुणाला फोन करत नसे. प्रताप मेक्सिकोत, ती इथे, आणि घराला कुलूप. मग त्या घरातून फोन करतंय कोण? पोलीस? वीणा? वाईट बातमी सांगायला कुणी कुलूप तोडून आत शिरलंय? फोन वाजत होता आणि तिला बोट उचलवत नव्हतं. बंद पडायच्या बेतात असताना तिनं तो उचलला.

"आई?" पलीकडून आवाज आला. "वो बिस्ट डू? तू कुठे आहेस?"

ऊर्मिलानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"आई, मी घरी आले. तू नाहीयेस. भाजी तशीच ओट्यावर आहे, अर्धी चिरलेली. मी किती घाबरले! माझा फोन बंद पडला, चार्जर राहिला तिकडे. तुझा मोबाइल नंबर मला पाठ नाही, फक्त घरचा आहे. कोपनहेगनहून एका बाईच्या फोनवरून घरी लावला, कुणी उचलला नाही. आत्ता फ्रिजवर तुझा नंबर मिळाला. आई, बोल ना."

"कशानं आलीस?" ऊर्मिलाच्या तोंडून तेवढंच निघालं. जन्माची सवय, दुसरं काय.

"बसनं. कोपनहेगनला थांबून, मग रात्री बर्लिन. बस बोटीत चढते, माहितीये? अख्खी बस."

म्हणजे रात्री दोघी समुद्रावरच होत्या. ही वर निघालेली, ती खाली. ऊर्मिला हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदके फुटले. "अगं, मी तुझ्या खोलीत बसलेय," ती म्हणाली. "गोथेनबर्गला. तुझ्या गादीवर."

पलीकडे लेकही रडायला लागली. मालकीण पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी राहिली आणि काय ते समजून ग्लास टेबलावर ठेवून निघून गेली.

"मराठीत का लिहिलंस गं?" ऊर्मिलानं शेवटी विचारलं. "माझा जीव गेला असता."

"जर्मनमध्ये लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठे जातेस, का जातेस. मग मला सगळं सांगावं लागलं असतं. मराठीत माझ्याकडे शब्दच थोडे आहेत. थोडं लिहिलं की पुरतं."

"आणि कुठे निघाली होतीस?"

जुन्या टेलिफोनमध्ये नुसती खरखर येत होती, आणि त्या खरखरीत ऊर्मिलाला कळलं की आपण कालपासून जिला घाबरत होतो ती गोष्ट खोटी नव्हती.

"कुठेच नाही," लेक म्हणाली. मराठीत म्हणाली. "बस किंवा ट्रेनचं तिकीट काढलंच नव्हतं मी. खोली आवरली, कारण दुसऱ्या कुणाला आवरायला लागू नये. आणि निघाले. मग तुझा मेसेज आला. मी उघडला नाही, वरच्या वर वाचला. जाते नाही, येते म्हण."

ऊर्मिलानं डोळे मिटले.

"मी तिथेच थांबले," स्पृहा म्हणत होती. "खूप वेळ. मग स्टेशनवर गेले आणि तिकीट काढलं. आई, मला माहितीये, तू लहानपणापासून हे म्हणतेस. दारात. ते नुसतं आपलं म्हणायचं असतं. पण काल तू ते तसं नव्हतीस ना म्हणत? काल तू मला खरंच बोलावत होतीस ना?"

काल ऊर्मिला भाजी चिरत होती. बोटं ओली होती आणि तिनं पोरीची चूक दुरुस्त केली होती, धड वाचलंही नव्हतं. ते तिला अगदी स्वच्छ आठवत होतं, आणि ते जन्मात कुणाला, प्रतापलासुद्धा सांगायचं नाही हेही तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"हो," ती म्हणाली. "बोलावतच होते. तुला कळलं, बरं झालं." आणि आवाज पुन्हा फुटायच्या आत घाईघाईनं म्हणाली, "आता दार उघड आणि वीणामावशीला हाक मार. ती तुझ्याजवळ बसेल. डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ. मी पोचेपर्यंत एकटी राहू नकोस. आणि फोन ठेवू नकोस, चालू राहू दे."

"किती वेळ?"

"मी सांगेन तोपर्यंत," ऊर्मिला म्हणाली, आणि पलीकडून पावलांचा, मग कडी निघाल्याचा आणि वीणाच्या दारावरच्या घंटेचा आवाज येईपर्यंत तिनं श्वास रोखून धरला.